रुमणं धरणारा मास्तर

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ट्रेनरनं पहिल्याच तासाला सांगितलं, "कॉलेजात जे शिकलात ते आधी विसरा." हॉलमध्ये आम्ही साठेक जण होतो. सगळे हसले. मीही हसलो. मग पुढचे चार महिने कंपनीनं आम्हाला पगार देऊन शिकवलं. विषय कोणते, तर डेटाबेस, जावा, नेटवर्किंग. म्हणजे चार वर्षं फी भरून जे शिकलो होतो, तेच.

हसता हसता मला आमचे डेटाबेसचे सर आठवले. तेव्हा ते तिशीतले होते, शिक्षण संपवून थेट शिकवायला लागलेले. स्वतः कधी कुठल्या कंपनीत काम केलं नव्हतं आणि हे ते वर्गात मोकळेपणानं सांगायचे. दर जूनमध्ये त्यांच्या हातात अकरा महिन्यांचं नवं नेमणूकपत्र पडायचं. एकदा म्हणाले होते, "तुम्हाला नोकरीला लायक बनवायचं काम माझ्याकडे आहे. माझी नोकरी आहे की नाही, ते मला जूनमध्ये कळतं." तेव्हाही आम्ही हसलो होतो.

'पदवीधरांना काही येत नाही' हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं काही वाटेनासं झालंय. त्यावरचा उपायही ठरलेला आहे. दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतो, नवं नाव येतं, नवी पुस्तकं येतात. तो अभ्यासक्रम वर्गात घेऊन जाणाऱ्या माणसाच्या हातात आपण काय ठेवलं, हा प्रश्न मात्र मागे राहतो. त्या प्रश्नाच्या मागे मागे जायचं ठरवलं तर वाट बरीच जुनी निघते. ती पुण्यातून जाते.

हंटरसमोरचं निवेदन

१८८२ साली सरकारनं भारतातल्या शिक्षणाची पाहणी करायला विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्या आयोगाला जोतीराव फुले यांनी एक लेखी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळालं पाहिजे, या मागणीसाठी ते प्रसिद्ध आहे. पण त्यात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे आपलं लक्ष सहसा जात नाही.

पहिली गोष्ट वरच्या शिक्षणाबद्दलची. सरकारी हायस्कुलांतलं शिक्षण व्यवहारात उपयोगी पडत नाही, त्यातून फक्त कारकून आणि शाळामास्तर तयार होतात, अशी त्यांची तक्रार होती. सगळ्यांना सरकारी नोकरी मिळणं शक्य नाही. तेव्हा शिकलेल्या माणसाला स्वतःच्या पायावर उभं राहता यावं, असं काहीतरी त्याला शिकवा, असं त्यांचं म्हणणं. आज प्लेसमेंट सेलच्या भिंतीवर जे लिहिलेलं असतं, त्याच्याशी हे जुळतं. फरक एवढाच की फुल्यांना चांगले नोकर पुरवायचे नव्हते. नोकरी मिळाली नाही म्हणून लाचार होणार नाही, असा माणूस त्यांना हवा होता.

दुसरी गोष्ट मास्तरांबद्दलची. गावच्या प्राथमिक शाळेतले मास्तर शक्यतो शेतकरी समाजातून घ्यावेत, म्हणजे त्यांना लोकांच्या गरजा कळतील. ते प्रशिक्षित असावेत. आणि वेळ आली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचं हत्यार हातात धरायची त्यांना लाज वाटू नये. एवढं सांगून फुले थांबले नाहीत. त्यांनी पगाराचा आकडाही मांडला: महिन्याला किमान १२ रुपये, मोठ्या गावात १५ किंवा २०.

हे क्रमानं बघा. मुलांना व्यवहार शिकवायचा आहे, मग मास्तराच्या हाताला व्यवहार माहीत हवा. तसा मास्तर हवा असेल तर त्याला तयार करावं लागेल. आणि तयार केलेला मास्तर टिकायचा असेल तर त्याला जगता येईल एवढा पगार द्यावा लागेल. फुले बोलत होते गावच्या शाळेबद्दल. पण पुढच्या १४० वर्षांत आपल्या महाविद्यालयांत जे जे प्रयोग झाले, ते या तीन पायऱ्यांवर तपासून बघता येतात. बहुतेक प्रयोग पहिल्याच पायरीवर अडकलेले दिसतात. शिकवायचं काय हे ठरतं, बाकी दोन पायऱ्या राहून जातात.

पेपर काढणारा वेगळा, शिकवणारा वेगळा

का राहून जातात, याचं एक उत्तर फुल्यांच्या निवेदनापेक्षाही जुनं आहे.

१८५४ साली पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. आजचं पुण्याचं सीओईपी ते हेच. सरकारला रस्ते, कालवे, पूल बांधायचे होते आणि त्यासाठी हाताखालची माणसं हवी होती, म्हणून ही शाळा. शिकवणारं सरकार, नोकरी देणारंही सरकार. इथूनच मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली पहिल्या क्रमांकानं उत्तीर्ण झाले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. शिक्षण आणि नोकरी यांच्यात दरी नव्हती, कारण दोन्हीचा मालक एकच होता. अर्थात ही सोय मूठभरांपुरती होती.

मोठ्या संख्येनं पदव्या द्यायचं काम मात्र वेगळ्या यंत्रणेकडे गेलं. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या त्या वेळच्या नमुन्यावर. ही विद्यापीठं स्वतः शिकवत नसत. ती महाविद्यालयांना संलग्न करून घेत, अभ्यासक्रम ठरवत, परीक्षा घेत आणि पदवी देत. शिकवायचं काम महाविद्यालयांचं.

ही रचना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं वेगळेपण जाणवतच नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन एकानं लिहायचं, टेस्टिंग दुसऱ्यानं करायचं, आणि मधल्या डेव्हलपरला यातल्या कशालाच हात लावायची परवानगी नाही. शिक्षकाला वाटलं की गावात नवा धंदा आलाय, त्याच्याशी जोडून एखादा धडा शिकवावा, तर तो परीक्षेत विचारला जाणार नाही. आणि परीक्षेत न विचारलं जाणारं शिकवणारा शिक्षक मुलांनाच नको असतो. मीही त्या मुलांत होतो.

माटुंग्याचा अपवाद

या रचनेतून बाहेर पडायची एक वाट मुंबई विद्यापीठालाच सापडली. १९३३ साली विद्यापीठानं रसायन तंत्रज्ञानाचा स्वतःचा विभाग सुरू केला: यूडीसीटी. पुढे तो माटुंग्याला गेला आणि २००८ साली आयसीटी या नावानं स्वतंत्र विद्यापीठ झाला. सुरुवातीचे विषय होते रासायनिक अभियांत्रिकी आणि वस्त्ररसायन. विषयांची निवड बघितली की मुंबई दिसते. गिरण्यांत कापड विणलं जात होतं, पण ते धुणं, रंगवणं, छापणं यामागचं रसायनशास्त्र जाणणारी माणसं कमी होती.

हा विद्यापीठाचा स्वतःचा विभाग होता, त्यामुळे शिकवणारे आणि अभ्यासक्रम ठरवणारे एकाच छताखाली होते. १९३८ पासून जवळपास दोन दशकं विभागाचे प्रमुख होते के. वेंकटरामन, रंगरसायनांचे जगन्मान्य अभ्यासक. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. उद्योगांना सल्ला देणं ही या विभागाची परंपरा बनली. नंतरच्या काळात एम. एम. शर्मा यांच्यासारख्या प्राध्यापकांनी ती आणखी रुजवली. कारखान्यातला प्रश्न सकाळी प्राध्यापकाच्या टेबलावर यायचा आणि तोच प्रश्न पुढे कुणाच्या तरी पीएच.डी.चा विषय व्हायचा.

इथे 'रोजगारक्षमता' नावाचा वेगळा पेपर नव्हता, त्याची गरजही नव्हती. शिक्षकाचं रोजचं काम आणि उद्योगाचं काम यांच्यात ये-जा होती, म्हणून ती मुलांपर्यंत आपोआप पोचली. फुल्यांचं रुमणं इथे प्रयोगशाळेत शिरलं होतं. पण मुंबईतला हा एक विभाग झाला. उरलेल्या महाराष्ट्रातली महाविद्यालयं १८५७ च्याच चाकोरीत चालत होती.

कार्यानुभवाची फुलं

स्वातंत्र्यानंतर शिक्षणाचा सर्वांत मोठा आढावा घेतला तो १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगानं. अध्यक्ष दौलतसिंग कोठारी. सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत सहभागी असलेले. या आयोगानं एक कल्पना जोरानं मांडली: सगळ्या शिक्षणात प्रत्यक्ष उत्पादक कामाचा अनुभव असला पाहिजे. शाळेत, घरी, कार्यशाळेत, शेतात किंवा कारखान्यात, कुठेही. त्या अनुभवाला आयोगानं जे नाव दिलं, त्याचं मराठी म्हणजे कार्यानुभव.

महाराष्ट्रात शाळा केलेल्यांना आता हसू आलं असेल. कार्यानुभव म्हणजे क्रेप कागदाची फुलं. आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड. शुक्रवारचा शेवटचा तास, ज्याचं वेळापत्रक मोकळं असेल त्या बाईंकडे दिलेला. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची फुलं आयांनी केलेली असायची आणि बाईंना ते माहीत असायचं.

एवढ्या मोठ्या आयोगाची एवढी मोठी कल्पना कागदी फुलापर्यंत कशी आली? बाई आळशी होत्या म्हणून नाही. त्यांना कधी कुणी कार्यशाळेत नेलं नव्हतं, हत्यारं दिली नव्हती, साहित्याला पैसे दिले नव्हते. गणित आणि भूगोल घेऊन उरलेल्या तासात त्यांनी गावच्या सुताराला, लोहाराला, शेतकऱ्याला वर्गाशी जोडायचं होतं. हाताशी होता क्रेप कागद, मग फुलं झाली. याच आयोगाच्या अहवालात शिक्षकांच्या पगारावर, प्रशिक्षणावर आणि दर्जावर सविस्तर लिहिलेलं आहे. त्यातून विषयाचं नाव तेवढं प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात पोचलं.

कागदी फूल शाळेपुरतंच राहिलं नाही. कॉलेजात ते प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग केलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या रूपात पुन्हा भेटतं.

शिक्षकच कारखान्यात

याच सुमाराला काही बरे प्रयत्नही झाले. १९६० च्या दशकात पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी भोपाळ, चंडीगड, कलकत्ता आणि मद्रास इथे खास प्रशिक्षण संस्था निघाल्या. महाराष्ट्र भोपाळच्या वाट्याला आला. १९७० मध्ये केंद्रानं अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी 'क्यूआयपी' योजना सुरू केली. कॉलेजातल्या शिक्षकानं आयआयटीसारख्या संस्थेत जाऊन एम.टेक. किंवा पीएच.डी. करायची, आणि तोवर त्याची नोकरी व पगार शाबूत. ही अट महत्त्वाची होती. शिक्षक शिकायला गेला तर त्याचं घर चालत राहील, याची काळजी कुणीतरी कागदावर घेतली होती.

सर्वांत धाडसी प्रयोग मात्र राजस्थानात पिलानीला झाला. तिथल्या बिट्स या संस्थेनं अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं आपली घडी बसवली होती. एमआयटीत रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पदवीचा भाग म्हणून कारखान्यात पाठवायची पद्धत १९१६ पासून होती. सी. आर. मित्रा संचालक असताना, १९७३ साली, पिलानीनं ही कल्पना सगळ्याच शाखांना लागू केली: प्रॅक्टिस स्कूल.

इंटर्नशिप आता सगळीकडे आहे, त्यात नवल काय, असं वाटेल. नवल हे की विद्यार्थ्यांबरोबर संस्थेचा प्राध्यापकही कारखान्यात जाऊन राहायचा. तिथल्या इंजिनिअरांशी बोलून कामं ठरवायची, मुलांकडून ती करून घ्यायची, गुण द्यायचे. हे त्याचं शिकवण्याचंच काम मानलं जाई. उरलेल्या वेळात, हौसेनं, स्वखर्चानं करायची ही समाजसेवा नव्हती. काही महिन्यांनी तो वर्गात परतायचा, तेव्हा त्याच्या उदाहरणांत खऱ्या पंपाचे आणि खऱ्या भट्टीचे आकडे असायचे.

हे महाग आहे. एक प्राध्यापक कॅम्पसवरून हलला की त्याचे तास दुसऱ्या कुणीतरी घ्यावे लागतात, म्हणजे तेवढे जास्त प्राध्यापक लागतात. पिलानीला स्वतःचा अभ्यासक्रम, स्वतःची परीक्षा आणि स्वतःचं वेळापत्रक होतं, म्हणून ते जमलं. संलग्न कॉलेजातल्या शिक्षकाला यातलं काहीच उपलब्ध नव्हतं. आणि लवकरच अशा कॉलेजांची संख्या कितीतरी पटींनी वाढणार होती.

१९८३ आणि चार आठवडे

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रानं विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर इथली मुलं जास्तीचे पैसे भरून कर्नाटकात शिकायला जात होती. या निर्णयानं तालुक्याच्या गावातल्या मुलालाही इंजिनिअर होण्याची वाट मिळाली. माझ्या घराण्यातला पहिला इंजिनिअर मी, तो अशाच एका कॉलेजातून. त्यामुळे या निर्णयाला नावं ठेवणं मला जमत नाही.

पण इमारत दोन वर्षांत उभी राहते, प्राध्यापक दोन वर्षांत तयार होत नाही. काल पास झालेला मुलगा आज लेक्चरर म्हणून वर्गात उभा राहू लागला. कॉलेजचा सगळा खर्च फीमधून निघायचा, त्यामुळे जिथे काटकसर करता येईल तिथे ती झाली, आणि ती मुख्यतः पगारांत झाली. कला, वाणिज्य, विज्ञानाच्या कॉलेजांत पुढे वेगळ्या नावानं तेच घडलं. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत आणि 'तासिका तत्त्वावर' माणसं घ्यायची. घेतलेल्या तासाचे पैसे. तयारीचे नाहीत, वही तपासण्याचे नाहीत, मे महिन्याचे नाहीत. सेट-नेट झालेली, पीएच.डी. केलेली माणसं दोन-तीन कॉलेजांत मोटरसायकलनं पळत तास घेताना आजही दिसतात.

१९८६ चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगानं शिक्षकांसाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं उघडली, १९८७ मध्ये सुरुवातीला ४८. नव्यांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. देशभरातल्या विद्यापीठ शिक्षकांना शिकवायची ही पहिली मोठी, कायमची व्यवस्था, आणि तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण ती पदोन्नतीला जोडली गेली. अमुक वर्षांत अमुक वर्ग केले की पुढची श्रेणी. मग वर्गातून काय मिळालं यापेक्षा प्रमाणपत्र मिळालं का, हे महत्त्वाचं ठरलं. आणि तासिकेवरचा शिक्षक पदोन्नतीच्या शिडीवरच नव्हता, तर तो चार आठवड्यांचे पैसे बुडवून कशाला जाईल?

योगायोग असा की त्याच १९८७ च्या अखेरीस ब्रिटननं हाच प्रश्न वेगळ्या बाजूनं हाताळला. 'एंटरप्राइझ इन हायर एज्युकेशन' नावाच्या योजनेत निवडलेल्या प्रत्येक संस्थेला पाच वर्षांत १० लाख पौंडांपर्यंत रक्कम देऊ केली गेली. इतिहास शिकणाऱ्याला इतिहासातूनच गटात काम करणं, मांडणी करणं, प्रश्न सोडवणं यायला हवं, वेगळा पेपर लावून नाही, अशी त्यामागची भूमिका होती. त्यासाठी शिक्षकांचा वेळ मोकळा करणं आणि त्यांना तयार करणं, यावर भर होता. अनेक प्राध्यापकांनी शंकाही घेतली: विद्यापीठ बाजाराच्या दावणीला बांधलं जाणार का? ती शंका रास्त होती, आजही आहे. पण निदान वाद वर्गात शिकवणाऱ्यांमध्ये झाला. आपल्याकडे त्यांना विचारलंच गेलं नाही, तर ते वाद कुठे घालणार?

शंभरातले पंचवीस

मग आयटी आली. २००५ साली नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांच्या अहवालानं सांगितलं की भारतातल्या १०० तंत्रशिक्षित पदवीधरांपैकी साधारण २५ च परदेशी ग्राहकांच्या आयटी कामासाठी घेण्याजोगे आहेत. हा आकडा तेव्हापासून भाषणांत, अग्रलेखांत, व्हॉट्सॲपवर फिरतोच आहे. 'एम्प्लॉयेबल' हा शब्द आपल्या बोलण्यात रुजायला त्याचा मोठा हातभार लागला. यात मोजलं गेलं विद्यार्थ्याला. त्याला शिकवणाऱ्याला किती पगार आहे, त्याच्या प्रयोगशाळेत किती संगणक चालू आहेत, हे त्या २५ च्या आकड्यात कुठेच नव्हतं.

कंपन्यांनी मार्ग काढला. मैसूरला इन्फोसिसनं हजारो नवोदितांना एका वेळी शिकवता येईल असं भलंमोठं केंद्र बांधलं. म्हणजे कॉलेजनंतरचं दुसरं कॉलेज. पण त्याच कंपनीनं २००४ मध्ये 'कॅम्पस कनेक्ट' नावाचा उपक्रमही सुरू केला होता. त्यात कंपनीनं आपलं प्रशिक्षणाचं साहित्य कॉलेजांना खुलं केलं आणि कॉलेजच्या शिक्षकांनाच त्यात तयार करायला घेतलं. हिशेब साधा होता. एक मुलगा शिकवला तर एक मुलगा शिकतो. एक शिक्षक शिकवला तर त्याच्या हाताखालून दरवर्षी साठ मुलं जातात.

हाच हिशेब सार्वजनिक पैशातून सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला तो पवईच्या आयआयटीतल्या दीपक फाटक सरांनी. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या मोहिमेत त्यांच्या गटानं आधी हजार शिक्षकांना आणि मग दहा हजारांना शिकवायचा घाट घातला. देशभरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत दूरस्थ केंद्रं. प्रत्येक केंद्राचा समन्वयक आधी पवईला येऊन तयारी करून जायचा. मग पवईहून थेट प्रक्षेपण आणि प्रत्येक केंद्रात प्रत्यक्ष प्रयोग. शिक्षकानं घर सोडून मुंबईला जायचं नाही. जवळच्या केंद्रावर जायचं, दिवसभर काम करायचं, प्रश्न विचारायचे, संध्याकाळी घरी. दुसऱ्या टोकाला एक अनुभवी शिक्षक बसलाय आणि तो आपल्याशी बरोबरीच्या नात्यानं बोलतोय, हे त्यातलं मोठं बळ होतं.

आमचे डेटाबेसचे सर अशाच एका कार्यशाळेला जाऊन आले होते. तिथून आल्यावर त्यांनी आम्हाला छापील प्रयोगांची यादी बाजूला ठेवायला सांगितलं आणि हॉस्टेलच्या मेसचा हिशेब आणून दिला. खरा, खाडाखोड असलेला. कोण किती दिवस जेवलं, सुट्टीचे दिवस कसे वजा करायचे, पाहुण्याचं ताट कुणाच्या नावावर लिहायचं. त्याचा डेटाबेस बनवताना नॉर्मलायझेशन म्हणजे काय हे मला जन्मात पहिल्यांदा कळलं. चार महिन्यांच्या त्या कंपनी-ट्रेनिंगमध्ये माझा जो एक विषय सोपा गेला, तो हा.

पण तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक येणार होते, त्यांच्या हातात विद्यापीठाची यादी असणार होती. म्हणून फाइलमध्ये यादीतलेच बारा प्रयोग लिहून काढावे लागले. मेसचं काम शनिवारी दुपारी चालायचं. त्या शनिवारांचे पैसे सरांना मिळत नव्हते. पुढच्या वर्षी त्यांना दुसराच विषय दिला गेला आणि मेसचा हिशेब तिथेच संपला.

पुन्हा नवी यादी

२०२० च्या धोरणानंतर आता पदवीत कौशल्याचे अभ्यासक्रम आले आहेत. महाराष्ट्रात २०२३ मध्ये श्रेयांकांची नवी चौकट ठरली. त्यात कौशल्याचे पेपर आहेत, क्षेत्रीय प्रकल्प आहे, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आहे. अनुदान आयोगानं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय केली, म्हणजे उद्योगातला जाणकार पीएच.डी. नसतानाही शिकवू शकेल. हे मला मनापासून आवडलं. स्टाफ कॉलेजांची परंपरा आता मालवीय मिशनच्या नावानं चालू आहे.

कागदावर हे सगळं १८८२ च्या निवेदनाच्या बरंच जवळ आलंय. पण कामावरचं प्रशिक्षण म्हटलं की साठ मुलांसाठी जागा कुणीतरी शोधायच्या, दुकानदारांशी, बँकेशी, कारखान्याशी बोलायचं, मुलं खरंच जातात का ते बघायचं, त्यांचे अहवाल वाचायचे. पिलानीत हे करायला प्राध्यापक नेमून दिलेला असायचा. तालुक्याच्या कॉलेजात हे कोण करणार, तर तासिकेवरचा शिक्षक. त्याला तासाचे पैसे मिळतात, आणि हे काम कुठल्याच तासात बसत नाही. मग पुन्हा कागदी फुलं. ओळखीच्या दुकानाचा शिक्का, एकाच नमुन्याचे साठ अहवाल.

गेल्या वर्षी मी माझ्या कॉलेजात पाहुणा म्हणून बोलायला गेलो होतो. विषय होता, इंडस्ट्रीत डेटाबेस कसा वापरतात. दीड तास बोललो, स्लाइडा दाखवल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले होते. आता चाळिशीतले. नेमणूकपत्र अजून जूनमध्येच येतं. सगळे गेल्यावर ते पुढे आले. त्यांच्या वहीत मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट होती आणि शेजारी समासात खुणा.

"चांगलं होतं," ते म्हणाले. "आता मला सांग, यातलं सोमवारी वर्गात काय घेऊ? युनिट तीन संपवायचंय, पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. आणि लॅबच्या मशीनवर हे चालेल का?"

मी लॅबमध्ये जाऊन बघितलं. चालणार नव्हतं. आम्ही दोघं तिथेच बसलो आणि युनिट तीनमध्ये काय बसवता येईल ते बघायला लागलो. अंधार पडला तेव्हा शिपाईमामा कुलूप घेऊन दारात उभे होते, आणि आमचा एका तासाचा धडाही पुरा झाला नव्हता. पुढच्या शनिवारी परत येतो, असं सांगून मी निघालो. पैसे मलाही मिळणार नव्हते. पण माझा पगार चालू होता.